हॉर्न तर वाजत होता

विलास, त्या सकाळी तुझी गाडी का सुरू झाली नाही, हे शोधायची मला भीती वाटत होती.

तेरावं होईपर्यंत घरात माणसं होती, म्हणून ते टळलं. मग पाहुणे गेले, पेंडॉलवाल्यानं कापड काढून नेलं, आणि कंपाउंडच्या भिंतीशी उभी असलेली तुझी गाडी एकदम दिसायला लागली. तिच्या सीटवर कोणीतरी ओली सतरंजी वाळत घातली होती. मी ती काढून घडी केली आणि गाडीकडे न पाहता घरात आलो. नंतर कामावर जाताना रोज तुझ्या घराच्या बाजूनं न जाता मागच्या गल्लीतून जायला लागलो. तुझी वहिनी एकदा म्हणाली, "एवढ्या फेऱ्यानं काहून जाऊन राहिले?" मी म्हटलं, पुढं रस्ता खोदला आहे. रस्ता खोदलेला नव्हता.

सगळे म्हणतात, ट्रकनं नेलं. खरं आहे. पण तू त्या वेळी रिंग रोड पायी ओलांडत होतास, कारण हिंगण्याला जाणारी कंपनीची बस पलीकडे थांबते. आणि बस पकडायची होती, कारण गाडी सुरू झाली नव्हती. माझी सवय तुला माहीत आहे. कळमेश्वरच्या कारखान्यात मी मोजमापाची साधनं तपासतो. एखादा नग चुकीच्या मापाचा निघाला की मागे मागे जायचं, पहिल्यांदा कुठे चुकलं ते सापडेपर्यंत. तुझ्या बाबतीत मला मागे जायचं नव्हतं. तिथे कोण उभं असेल, याचा मला अंदाज होता. वाईट हे की तोच अंदाज तुझ्या मुलीलाही होता.

श्रुतीनं हिंगण्यात ट्रेनिंग सुरू झाल्यावर पहिल्या पैशातून तुझ्या गाडीच्या हँडलवर मोबाइलचा चार्जर बसवून आणला होता. त्यात निळे आकडे दिसतात. तू तो साऱ्या गल्लीला दाखवलास. मला हाताला धरून बाहेर नेलंस आणि म्हणालास, "पाह्य भाऊ, पोरीनं गाडीचं विमान करून टाकलं!" मी चार्जर पाहिला नाही, त्याची वायर पाहिली. ती चावीतून न घेता सरळ बॅटरीला जोडली होती. मी म्हटलं, "हा दिवा रात्रंदिवस करंट खाणार. एखाद दिवशी बॅटरी उतरेल." तू म्हणालास, "तुले अमृत जरी दिलं तरी आधी त्याची एक्सपायरी पाहशील गा." सगळे हसले. श्रुतीही हसली. पण माझं वाक्य तिच्या कानात राहिलं.

ती माझ्याकडे आली ती भर दुपारी, माझ्याच कपाटातून करंट मोजायच्या मीटरची पेटी काढून घेऊन. माझ्यासमोर ठेवली.

"मोठे बाबा, गाडी पाहा."

"पाहू ना. रविवारी पाहू."

"मागच्या रविवारी पण तुम्ही रविवारच म्हटलं होतं."

मी पेटीच्या कड्या उघडबंद करत बसलो. ती उभीच होती. तिचा चेहरा इतका बारीक झाला आहे की तू ओळखलं नसतंस.

"माझ्या चार्जरनं बॅटरी उतरली असंल ना?" ती म्हणाली. "तुम्हीच म्हटलं होतं."

"मी तसं सहज बोललो होतो."

"तुम्ही सहज नाही बोलत. पप्पा म्हणायचे, भाऊ एक वेळ माणूस बदलंल, आकडा नाही बदलणार." मग अगदी हळू म्हणाली, "जे निघंल ते मले सांगा. फक्त खोटं नका सांगू. खोटं सांगितलं तं मले कळंल."

मी रविवार कबूल केला. ती गेल्यावर थोड्याच वेळात रंजना आली. तुझी बायको इतक्या वर्षांत माझ्याशी कधी समोर बसून बोलली नाही. डोक्यावरचा पदर आणि दाराची चौकट सोडून ती बोलत नसे. त्या दिवशी ती सरळ समोरच्या खुर्चीत बसली.

"भाऊजी, एक मागते. रविवारी काहीही निघू द्या, तिले म्हणा की चार्जरचं काही नाही."

"निघालंच तर?"

"निघालं तरी." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "काल सकाळी बसच्या टाइमले ती रिंग रोडवर जाऊन उभी होती. दुधवाल्यानं पाहिलं म्हणून मले समजलं. काहून गेली होती वं विचारलं, तं म्हणते, नुसती पाहून राहिली होती. रस्त्याच्या कडेले नाही भाऊजी, खाली रस्त्यात उतरून उभी होती. एक गेला माझा. दुसरं नाही जाऊ देणार मी."

मी "बरं" म्हणालो.

विलास, त्या "बरं"नंतर मी नीट जेवलो नाही. एका बाजूला मुलगी, जी खोटं ओळखते. दुसऱ्या बाजूला तिची आई, जिला खोटंच पाहिजे. आणि मध्ये तुझी गाडी, जी काय सांगेल ते मला माहीत नाही. मला खोटं बोलायची भीती नव्हती. मला भीती होती की मी ते वाईट बोलेन. मुलगी माझ्या डोळ्यांकडे पाहील, मी मीटरकडे पाहीन, आणि तेवढ्यात तिला कळेल. मग ती पुन्हा रस्त्यावर उतरेल.

तू असतास तर हे काम तुझ्यावर ढकललं असतं. बिघाड शोधायची आपली दोघांची एक पद्धत होती. मी मीटर धरायचो, तू वायरी धरायचास. डोळे अर्धे मिटून, दोन बोटांत वायर घेऊन तू तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचास, जसे आपले बाबा हातमागावर बसून ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून तळहात फिरवायचे. तुटलेला धागा त्यांना दिसायच्या आधी हाताला लागायचा. आपल्या घरातला माग केव्हाच गेला, मी कारखान्यात गेलो, तूही गेलास. पण तो हात तुझ्याकडे आला आणि माझ्याकडे आला नाही. माझ्याकडे मीटर आलं. यावरून आपण किती भांडलो! एकदा कळमेश्वरहून येताना माझी जुनी गाडी बंद पडली, मी वायर काढून मोजली, म्हटलं वायर ठीक आहे. तू वैतागून ओरडलास, "भाऊ, रिकामं काहून मोजून राहिला? पलंगावर निजलेल्या माणसाले विचारतं का, पोतं उचलतं का म्हणून? ओझं टाक, मग मोज!" मी म्हटलं, शास्त्र असं नसतं. तू म्हणालास, मग शास्त्राले म्हण धक्का मार. आणि मी खरंच धक्का मारला, गोरेवाड्यापर्यंत.

दुसरं भांडण किकचं. ही गाडी घेताना मी म्हटलं होतं, किक नसलेली गाडी घेऊ नको. तू गुडघ्याचं कारण दिलंस. आता मी ते भांडण जिंकलो आहे आणि ते कोणाला सांगावंसं वाटत नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरनं तुला गाडी ढकलू नको सांगितलं होतं, म्हणजे धक्का मारून सुरू करायचा रस्ताही बंद. उरली बस.

रविवारी सकाळी मी सीट काढली. श्रुती माझ्या उजव्या खांद्याशी उभी राहिली, रंजना दारात. मी बॅटरीला मीटर लावलं. अकरा पूर्णांक दोन.

"किती पाहिजे?" श्रुतीनं विचारलं.

"बारा-सहाच्या वर."

तिनं मीटरचा आकडा पुन्हा वाचला. मी घाईनं म्हटलं, "पण हा आजचा आकडा आहे. गाडी इतके दिवस उभी आहे. उभी राहून कोणतीही बॅटरी उतरते. यावरून त्या दिवशीचं काही सिद्ध होत नाही."

हे अगदी खरं होतं. तरी ती म्हणाली, "तुम्ही मले वाचवून राहिले."

मग मी तिच्यासमोरच चावी बंद ठेवून चार्जर किती करंट खातो ते मोजलं. अठरा मिलिअँपिअर. टाकीवर धूळ साचली होती, तिच्यावरच बोटानं हिशेब केला. तुझी बॅटरी पाच अँपिअर-तासांची. तू दोन दिवस सुट्टीवर होतास, गाडी तेवढा वेळ उभी. दोन दिवसांत चार्जरनं खाल्ले असतील एकापेक्षा कमी. म्हणजे पाचातले चार उरले. चारावर गाडी सुरू होते.

"म्हणजे चार्जर नाही," दारातून रंजना लगेच म्हणाली.

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. तूही तेच म्हणाला असतास. पण श्रुती धुळीतल्या आकड्यांकडे पाहत होती आणि मला माहीत होतं की आत गेल्यावर ती तेच आकडे पुन्हा मांडेल. मी म्हटलं, "बॅटरी नवी असेल तर. जुन्या बॅटरीत पाच म्हटले तरी पाच मावत नाहीत. तीन मावत असतील, अडीच मावत असतील. मग पक्कं सांगता येत नाही."

रंजनानं माझ्याकडे जसं पाहिलं तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

आकडे संपले होते. आता त्या सकाळचा जो साक्षीदार उरला होता त्यालाच विचारायचं होतं, आणि ती सकाळ रंजनानं कोणापुढे उच्चारलेली नव्हती. पोलिसांपुढेही ती "बसनं गेले" एवढंच म्हणाली होती. मी खाली पाहतच विचारलं, "त्या दिवशी त्यानं बटण दाबलं तेव्हा काय झालं होतं? आवाज कसा आला होता?"

ती चौकट सोडून बाहेर आली.

"आवाज कायचा? काहीच नाही आला. मी आतून म्हटलं, बॅटरी गेली असंल. तं म्हणाले, बॅटरी कशी जाईल वं, हॉर्न तर वाजून राहिला. अन् वाजवला ना! चांगला लंबा वाजवला, मले ऐकू याले पाहिजे म्हणून. समोरच्या आजी खिडकीतून ओरडल्या, सकाळी सकाळी वरात काढून राहिला का रे विलास!" ती हसली, आणि तोंडावर पदर धरून तशीच उभी राहिली.

"हॉर्न नेहमीसारखा? की घसा बसल्यासारखा?"

"नेहमीसारखा. कान फाटले माझे."

"आणि बटण दाबल्यावर टक-टक-टक असं काही? सीटखालून?"

"नाही. गप्प. नुसती गप्प."

मी श्रुतीला समजावलं. सीटखाली रिले नावाची डबी असते. हँडलवरचं बटण दाबलं की एका बारीक वायरीतून तिला इशारा जातो. डबी टक करते, आणि मग बॅटरीचा सगळा जोर सेल्फच्या मोटारीला मिळतो. बॅटरी उतरली असेल तर इशारा जातो पण जोर पुरत नाही, म्हणून डबी टकटकत राहते आणि हॉर्नही मरतुकडा वाजतो. हॉर्न दणदणीत आणि डबी गप्प, म्हणजे बॅटरीत जीव आहे, इशाराच पोहोचत नाही. बिघाड बॅटरीत नाही, मध्ये कुठेतरी.

"हे आईच्या ऐकण्यावर," श्रुती म्हणाली. ती तुझी मुलगी आहे, पण डोकं माझ्याकडून घेतलं आहे. "ऐकण्यात चूक होऊ शकते."

"होऊ शकते. म्हणून आता बॅटरी पूर्ण चार्ज करू आणि लावून पाहू. पूर्ण बॅटरीवरही गाडी गप्पच राहिली, तर दुसरा बिघाड आहे. तो त्या दिवशीही होता."

"अन् सुरू झाली तं?"

मी बॅटरीची टर्मिनलं सैल करायला लागलो. उत्तराची तिला गरजच नव्हती. सुरू झाली तर बॅटरीच गेली होती. मग बॅटरी का गेली, हा प्रश्न, आणि हँडलवर निळा दिवा.

बॅटरी माझ्या घरी चार्जिंगला लावली. दुपारी चारच्या सुमारास बारा-सातवर आली. ती उचलून तुझ्या अंगणात नेली. आजवर मी कितीतरी बंद पडलेल्या गाड्यांपुढे उभा राहिलो असेन, तुझ्यासोबत आणि एकटा. दर वेळी ती सुरू व्हावी एवढंच मागितलं. त्या दिवशी मी मनात म्हणत होतो, नको होऊ. तुझ्या गाडीपुढे उभा राहून मी म्हणत होतो की ही मेलेलीच राहू दे.

आता तुला एक सांगतो, जे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार नाही. बॅटरीची टर्मिनलं कसताना माझा डावा हात रिलेच्या कनेक्टरवर होता. तो दोन बोटांनी ओढला असता तर निघाला असता. निघाला असता तर गाडी सुरू होणं शक्यच नव्हतं, बॅटरी कशीही असो. मग मी म्हटलं असतं, पाहा, गप्प आहे. रंजनाला दिलेला शब्दही पाळला गेला असता. मी बोटं त्या कनेक्टरवर ठेवली, विलास. त्याची कडी अंगठ्यानं दाबलीसुद्धा. मग सोडून दिली. मी सोडली ती सचोटीमुळे की श्रुती खांद्यावरून वाकून पाहत होती म्हणून, हे मला सांगता येत नाही. मी खूप विचार केला, तरी येत नाही. कामावर माझ्या सहीवर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. ती सही करणारा हात हाच.

चावी फिरवली. दिवे लागले. हॉर्न वाजवला, समोरच्या खिडकीत आजी आल्या, आणि काही न बोलता आत गेल्या. मी श्रुतीला म्हटलं, "तू दाब."

"तुम्ही दाबा."

"माझ्याच्यानं होत नाही, बाळा."

तिनं क्लच धरला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. टक नाही, गुरगुर नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. तुझी गाडी दगडासारखी गप्प. मी तिथेच पायरीवर बसलो. मला हसू येत होतं की रडू ते समजत नव्हतं. बंद गाडीचा असा आनंद कोणाला झाला नसेल. रंजना देवाचं नाव घेत होती. फक्त श्रुती तशीच उभी होती, अंगठा बटणावर.

"मग बिघाड कुठे आहे?" तिनं विचारलं. "तो दाखवा. दाखवल्याशिवाय मी नाही मानत."

म्हणून शोधायला बसलो. माझ्या पद्धतीनं मी आधी रिलेचा कनेक्टर काढला आणि बटण दाबायला लावून त्या बारीक वायरीचं व्होल्टेज मोजलं. बारा-पाच. उत्तम. म्हणजे वायर ठीक, बटण ठीक, मग रिले गेला असेल. रिले काढून वेगळा बॅटरीवर लावून पाहिला, तर तो टक करत होता. सगळं ठीक आणि गाडी बंद. मी दोनदा, तीनदा मोजलं. श्रुतीच्या चेहऱ्यावर पुन्हा तो संशय यायला लागला, की हे म्हातारे मुद्दाम काहीतरी खेळ करून राहिले. भीती परत आली. आणि त्या भीतीत मला तू ओरडताना आठवलास, रिकामं काहून मोजून राहिला.

कनेक्टर परत लावला. मीटरच्या पिना मागून खुपसल्या, म्हणजे वायर काम करत असतानाच मोजता येईल. मीटर श्रुतीच्या हातात दिलं आणि रंजनाला म्हटलं, "तू बटण दाब." तिनं आयुष्यात तुझ्या गाडीच्या हँडलला हात लावला नव्हता. आधी हात पदराला पुसला, मग दाबलं.

"चार पूर्णांक एक," श्रुती म्हणाली.

बारा-पाचचे चार-एक. रिकामी वायर बारा दाखवत होती, ओझं पडलं की चारवर येत होती. आतून तुटलेली वायर अशी वागते; एखादी तार उरलेली असते, ती मीटरला फसवते. पण कुठे तुटली, हे मीटर सांगत नाही. ते काम तुझं होतं. मी हात घातला. सीटपासून पुढे, टाकीखालून, हँडलच्या मानेपर्यंत, जिथे हँडल वळताना वायरींचा जुडगा दर वेळी वाकतो. माझी बोटं जाड आहेत, त्यांना काही कळत नाही. मी एकेक वायर चिमटीत धरून वाकवत होतो, रंजना बटण दाबून उभी, आणि श्रुती आकडे वाचत होती. "चार. चार. चार-दोन. मोठे बाबा, सात! अकरा! तीच धरा, सोडू नका..."

आणि सेल्फ लागला. इंजिन एकदम पेटलं. आम्ही तिघंही दचकलो. रंजनानं हात झटकन मागे घेतला, पण गाडी चालूच होती, तुझाच तो आवाज, थोड्या फुटक्या सायलेन्सरचा. आणि विलास, रंजना वळली आणि पळत गेटकडे गेली. रोज संध्याकाळी हा आवाज आला की गेट उघडायचं, एवढंच तिच्या पायांना माहीत. तिनं कडी काढली, गेट पूर्ण उघडलं आणि बाजूला सरकून उभी राहिली. कोणाला आत घ्यायचं ते तिला मग आठवलं. मी चावी बंद केली. त्या वेळी मला जितकी भीती वाटली तितकी दवाखान्याच्या दारातही वाटली नव्हती.

वायरीवरचं काळं आवरण कापलं. बाहेरून अगदी शाबूत होतं. आत तांबं हिरवं पडून तुटलेलं, एक केसासारखी तार तेवढी शिल्लक. मी तो तुकडा श्रुतीच्या तळहातावर ठेवला. चार्जरची वायर या रस्त्यानं जातच नाही, हेही दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही."

"किती खात्रीनं?"

"कामावर सही करतो तेवढ्या."

ती माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिली आणि मी मीटरकडे पाहिलं नाही. मग तिनं तो तुकडा मुठीत घेतला आणि दुसऱ्या हातानं टाकीवर मारलं, जोरात, आणि रडत ओरडली, "मग पप्पा थांबले काहून नाही? दहा मिनिटं थांबले असते! एक दिवस खाडा केला असता तं काय झालं असतं?" तुझ्यावर ओरडत होती ती. तू गेल्यापासून पहिल्यांदा. रंजना तिला गप्प करायला निघाली, मी हातानं थांबवलं. ओरडू दे. तुझ्यावर ओरडलेलं तुला चालतं.

माझी भीती मात्र गेली नाही. दोषी कोणी निघाला असता तर मला निदान त्याची भीती वाटली असती. एवढीशी वायर, तिला कोणी हात लावला नाही, रोज हँडल वळता वळता ती तुटली. आता मी बसमध्ये बसतो तर बसच्या वायरी आठवतात, लिफ्टमध्ये उभा राहतो तर दोर आठवतो. बाहेरून सगळं शाबूत दिसतं. तू असतास तर म्हणाला असतास, भाऊ, तू तं बसून बसून मरशील.

वायर जोडून सोल्डरचा डाख दिला. गाडी आता एका झटक्यात सुरू होते. श्रुती म्हणाली, ट्रेनिंगला मी हीच नेणार. तुला आठवतं, तू तिला मैदानावर शिकवत होतास तेव्हा आपण तिसरं भांडण केलं होतं. मी म्हटलं होतं, हिंगणा रोडवर ट्रकच्या गर्दीत पोरीला मोटारसायकल कशाला, मोपेड घेऊन दे. तू म्हणालास, "मोपेड पाहून ट्रकवाले हात जोडणार हाय काय?" त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. या वेळी मी मोपेडचं नाव काढलं नाही. रंजनानंही तिला अडवलं नाही. फक्त पहिल्या दिवशी मी रजा टाकली आणि म्हटलं, मी मागे बसतो.

ती हसली नाही. हेल्मेट दिलं.

रिंग रोडवर आलो तेव्हा कंपनीच्या बसची वेळ होती. पलीकडे तुझे दोघं-तिघं सोबती डबे घेऊन उभे होते, त्यांनी गाडी ओळखली आणि बोलणं थांबवलं. उजवीकडून एक ट्रक येत होता, बराच लांब. श्रुतीनं ब्रेक दाबला. पाय टेकवला. तो जाऊ दिला, त्याच्या मागचाही जाऊ दिला. मी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले होते आणि माझ्याच श्वासानं हेल्मेटची काच धुक्यानं भरली होती, मला काही दिसत नव्हतं.

"मोठे बाबा," ती पुढे पाहतच म्हणाली, "इतकं घट्ट नका धरू. मले हँडल वळवता येऊन नाही राहिलं."

मी एक हात सोडला.